पैरण

शोकेसची काच पुसायला घेतली की दुपार तिथेच जाते. वरच्या खणात आईच्या काळातल्या बाहुल्यांची राष्ट्रीय एकात्मता आहे: एक नऊवारीतली, एक काश्मिरी, एक हात तुटलेली राजस्थानी. आणि त्यांच्या मधोमध, दोघींची जागा अडवून बसलेली काबूलची. घेरच तेवढा तिचा. काल तिला उचलायला गेले आणि ती निसटून पालथी पडली.

आमच्याकडे वर भाड्याने राहणाऱ्या अफगाण मुलीने पुणं सोडताना ती मला दिली. धाकट्या बहिणीने शिवून कुणाबरोबर तरी दिल्लीमार्गे पाठवलेली. 2021च्या सप्टेंबरात तिकडच्या माध्यमिक शाळा उघडल्या त्या फक्त मुलांसाठी. सहावीपुढच्या मुली घरी राहिल्या. ही बहीण त्यांतलीच, तेव्हापासून शिवतेच आहे म्हणे.

पोशाख कोची बायकांचा, म्हणजे भटक्या पश्तूनांचा. पण शहरातल्या मुलीही लग्नात हौसेने घालतात. हिरवं मखमल, छातीवर आरसे, कमरेशी मण्यांच्या गोल चकत्या. मी चकतीवर बोट ठेवलं तर ती म्हणाली, ‘गुल-ए-पैराहन.’ पैराहनचं फूल.

पैराहन? अगं, पैरण! आमच्या आजोबांची पैरण!

मग मला चेवच आला. पुरुषांच्या कपड्यांना काय म्हणता? ‘पैराहन-तुंबान.’ झालं. पैरण नि तुमान. आमची आजी तुमान हा शब्द फक्त चिडल्यावर वापरायची. ‘ती तुमान आधी वर ओढ’ असं ऐकू आलं की कुणाला तरी धपाटा बसणार हे नक्की. तो शब्द काबूलमध्ये अजून इस्त्री करून घालतात हे कळलं तेव्हा आजी हयात नव्हती. नाहीतर म्हणाली असती, ‘हिंग तिकडून येतो, तुमान यायला काय झालं?’

बाहुलीला ते लोक गुडी म्हणतात, आणि पतंगाला गुडीपरान, उडणारी बाहुली. आपण गुढी उभारतो तिचा याच्याशी काही संबंध असेल का, यावर मी अर्धा तास घालवला. निष्पन्न काही नाही. तालिबानने पहिल्या खेपेला पतंगांवर बंदी आणली होती, तेव्हा त्यांच्या लेखी ती उडती बाहुली बहुतेक फारच वर गेली असावी.

आमच्या भातुकलीत विकतची बाहुली नव्हतीच. माळ्यावरच्या बोचक्यातून आजी चिंध्या काढायची. डोळे म्हणजे काळ्या दोऱ्याच्या दोन गाठी, केस लोकरीचे, पोटात कापूस. अंगाला मात्र तिला आजोबांची जुनी पैरणच लागे. ‘धुऊन धुऊन मऊ झालेली असते, सुईला त्रास देत नाही.’ एकदा तिने खिशाचा भाग तसाच ठेवला आणि तो बाहुलीच्या पाठीवर आला. आम्ही त्यात चुरमुरे भरायचो. आजोबा चार दिवस एक पैरण शोधत होते. बाहुलीच्या पाठीवर हात फिरवून त्यांनी तो खिसा ओळखला आणि एवढंच म्हणाले, ‘गुंड्या तरी काढून ठेवायच्यास.’

तेव्हापासून मला खोड लागली आहे. कापड दिसलं की उलटं करून बघायचं. साडीच्या दुकानात पदर उलटा केला की लेक लांब जाऊन उभी राहते. बाहुली हाती आली की आधी आतून कशाची आहे ते बघायचं. हिला मात्र कधी उलटं केलं नव्हतं. दुसऱ्यांच्या घरातली, शिवाय भेट आलेली. बरं दिसत नाही.

काल पालथी पडली तेव्हा घेर उलटला. आत टाके बारीक, एकसारखे, आजीने मान डोलावली असती असे. आणि अंग सगळं काळं. जाड कापड, धुऊन धुऊन मऊ झालेलं. एका कडेला जुन्या चुणीची इस्त्री अजून दिसत होती.

फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. विचारलं, ‘ये काला कपडा किसका है?’

उत्तर रात्री आलं. ‘स्कूल ड्रेस का, आंटी. उसको अब लगता नहीं ना.’

सकाळी तिला परत खणात बसवली. घेर नऊवारीच्या अंगावर जातो, तर जाऊ दे.