तुम्ही विचारलंत म्हणून: पेटीवाल्याच्या घरात पियानो

“घरात पेटी असताना तुला तो परदेशी पियानो कशाला लागतो गं? आणि ऐकायचाच तर बाख, बेथोव्हेन ऐक की. ही कुणी नाव न ऐकलेली माणसं कुठून शोधून काढतेस?” कोल्हापूरच्या देवल क्लबात, म्हणजे आमच्या गाण्याच्या संस्थेत, मैफलीच्या मध्यंतरात, चहाचा कप हातात असताना, हे मला इतक्यांदा विचारून झालंय की आता एकदाच लिहून टाकते.

आधी हे सांगते की मला आपलं काही कमी वाटत नाही. गायक अल्लादियाखाँसाहेबांच्या नि पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या गावात वाढलेय, एवढं पुरे. गाऊन दाखव म्हणू नका.

नाव न ऐकलेल्यांचं म्हणाल, तर नाव होणं आणि चांगलं असणं यांचा फारसा संबंध नसतो, हे कोल्हापूरकरांना मी काय सांगू? नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या भावाचा तुकडा, म्हटलं की सगळे शोपाँ म्हणतात; पण त्या नावाने पियानोचे तुकडे आधी लिहिले आयर्लंडच्या जॉन फील्डने. पियानोवादक ॲलिस सारा ओटने वाजवलेल्या त्याच्या सगळ्या नॉक्टर्नची ध्वनिमुद्रिका 2025 मध्ये आली, तेव्हा कुठे लोक विचारायला लागले, हा कोण? रशियन संगीतकार मेट्नर तर लंडनमध्ये उतारवयात विस्मरणात चालला होता. त्याने स्वतः वाजवलेल्या रेकॉर्डींना पैसा पुरवला म्हैसूरच्या जयचामराजेंद्र वडियार महाराजांनी. तेव्हा ‘आपला काय संबंध’ हे मला ऐकवू नका.

पण खरी अडचण फाउल्ड्सची आहे.

जॉन फाउल्ड्स हा मँचेस्टरचा संगीतकार. 1935 मध्ये हिंदुस्थानात आला, दिल्लीच्या रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला आणि 1939 मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. त्याआधी पियानोसाठी त्याने ‘एसेज इन द मोड्स’ लिहिले होते. एकेका तुकड्याला एकेक मेळ, म्हणजे सात स्वरांचा ठरलेला संच, धरायचा आणि त्याबाहेरच्या स्वराला हात लावायचा नाही. कॅथरिन स्टॉटने वाजवलेले ते तुकडे मला फार आवडतात. आणि याच माणसाने हार्मोनियमविरुद्ध लिहिलं. तो गेल्यावर, 1940 मध्ये, रेडिओवरून पेटी बंद झाली. ती बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं.

एकदा दुपारी आमच्या घरचे पेटीवाले, आण्णा, सोप्यात एका भजनी मंडळाची पेटी उघडून बसले होते. सूर घासणं चाललं होतं. आतल्या पितळी पात्याच्या, म्हणजे जिभेच्या, टोकाशी घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. दोन-तीनदा कानस फिरवायची, वाजवून बघायचं, पुन्हा फिरवायची. मी फोनवर फाउल्ड्स लावला, नाव न सांगता. आधी “बारीक कर” म्हणाले. मग कानस थांबली. बाजूची दुसरी पेटी ओढून, डाव्या हाताने भाता हलवत त्यांनी एकेक पट्टी दाबून पाहिली. सात स्वर सापडले, आठवा काही येईना.

“नेम पाळतोय की हा. कोण गं?”

मी सांगितलं. रेडिओचंही सांगितलं. न सांगता भागलं असतं, पण त्यांनी दाद दिल्यावर लपवणं मला जमेना.

आण्णांचे गुरू त्या बंदीतच म्हातारे झाले. उभा जन्म साथ केली, रेडिओवर एकदाही बसले नाहीत. आण्णा काही वेळ जीभ न्याहाळत राहिले. मग म्हणाले, “पेटीला मींड, एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं, येत न्हाई म्हणून घालवली ना? मग त्याच्या पियानोला येती काय?”

मी वाद घातला. म्हटलं, तो पियानोवर स्वतःचं संगीत वाजवत होता. आक्षेप होता तो आपल्या गाण्याला पेटीची साथ असण्याला. मुद्दा बरोबर आहे, अजूनही वाटतं. आण्णांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, “गाणाऱ्यानं कधी तक्रार केली? याला कुणी इचारलं?” म्हटलं, टागोरांनाही पेटी आवडत नव्हती. “तेनाबी कुणी इचारलं?” म्हणून त्यांनी पेटी मिटली. मंडळवाले संध्याकाळी आले तेव्हा काम अर्धंच होतं, आणि आण्णांच्या बाबतीत असं मी कधी पाहिलं नव्हतं.

पूर्वी मी ठणकावून सांगायचे, माणूस वेगळा, संगीत वेगळं. आता म्हणत नाही. उलटही म्हणत नाही. बारा ठरीव पट्ट्या, एकाही सुराला वाकवता येत नाही, आणि तरी त्यातून माणूस काय काय काढतो, हे ऐकायला मी पियानोकडे जाते. आण्णांच्या पेटीतही मला तेच ऐकू येतं. फाउल्ड्सला तिथे ते का ऐकू आलं नसावं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि त्याच्या तुकड्यांवरचं माझं मन त्यामुळे उडतही नाही.

फील्ड आण्णांना चालतो. “हा बरा हाय, गातोय,” म्हणतात. फाउल्ड्स मी हेडफोनवर ऐकते. आण्णांना ते कळतं. विचारत नाहीत. विचारता ते तुम्ही.