शेवटाला कोण आलं?

"टायमिंग राहू दे. शेवटाला कोण आलं ते सांग की."

सकाळी राजहंसगडावर धापा टाकत पोचलो, तर कठड्यावर बसलेल्या रिटायर हवालदार मामांनी हेच विचारलं. मी घड्याळ बघत होतो. पाठीवर पिट्ठू, बुटात चिखल, मागनं येळ्ळूरची भरतीवाली पोरं. शेवटी कोण राहिलंय, कुणालाच पत्ता नाही.

मामांनी नुसतं मानेनं खाली दाखवलं. वळणावर एक पोरगं बूट काढून टाचेचा फोड बघत बसलं होतं.

फौजेतल्या लीडरशिपच्या कोर्ससाठी सुट्टीत सगळं घोटालोय. धावणं, दोर, नकाशा, होकायंत्र, ऑर्डर द्यायची रीत. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच, त्यामुळं आमच्याकडं फौज म्हटली की आधी दमाची गोष्ट. १६०० मीटर किती मिनिटांत? भरतीपुरतं ते बरोबरच आहे.

पण सेक्शन म्हणजे १० जवान. रात्रभर झोप नाही, पाणी संपत आलंय, तेव्हा कुणाच्या पायाला फोड आलाय आणि कोण अचानक गप्प झालंय, हे सेक्शन कमांडरला न विचारता कळायला लागतं. मार्चनंतर सगळ्यांचे पाय तपासायचे, हे आम्हाला तोंडपाठ आहे. तोंडपाठच.

उद्यापासून त्या पोराच्या मागनं पळणार. टायमिंग बोंबलेल, बोंबलू दे. (मामांना सांगितलेलं नाही, आणखी काहीतरी विचारतील.)

हा कोर्स जिथं होतो त्या ज्युनिअर लीडर्स विंगला जाऊन आलेल्यांनी खरं सांगा, तिथं आधी काय दमतं, पाय की डोकं?