महिन्याची एक तारीख

आज खोलीचं भाडं भरलं. लिस्बनमध्ये तीन वर्षं झाली, तरी एक तारखेला पोटात गोळा येतोच. मी नदीपलीकडे अल्मादात राहते, तिथे त्यातल्या त्यात परवडतं. चाळीस युरोंच्या महिन्याच्या पासात बस, मेट्रो आणि फेरीबोट सगळं भागतं, हा मोठा आधार.

संध्याकाळी बाजारात गेले. पाव स्वस्त (आपला 'पाव' हा शब्द यांच्याच पोर्तुगीज भाषेतून आलाय), कोबी, बटाटे, तांदूळही ठीक. ऑलिव्ह तेलाच्या बाटलीशी मात्र हात थांबला.

माझ्यापुढे एक आजी होत्या. सुक्या बकाल्याऊ माशाचा एक तुकडा त्यांनी वजनाला लावला, किंमत बघितली, परत ठेवला आणि त्याहून लहान घेतला. मग तळहातावर नाणी मांडून एकेक मोजून दिली. हा तर इथल्या घराघरातला मासा!

2025 मध्ये इथलं महिन्याचं किमान वेतन 870 युरो होतं, वर्षाला चौदा पगार मिळतात, म्हणजे बारा महिन्यांचे बारा आणि वर दोन जादा. पण शहरात एका खोलीचं घर भाड्याने घ्यायचं तर अख्खा पगार पुरत नाही. माझ्यासोबत काम करणारी, इथेच जन्मलेली मुलगी तिशीतही आईबाबांकडे राहते. तिला वेगळं घर हवंय, रोज जाहिराती बघते.

येताना फेरीत गार वारा होता. पिशवीत पाव, टोमॅटो, अर्धा डझन अंडी. तेल पुढच्या आठवड्यात घेईन.