हॅवलॉक की नील? आधी भरतीची वेळ बघा

अंदमानला निघालेला प्रत्येकजण विचारतो, हॅवलॉक बेट करावं की नील बेट. दोन्हींना वेळ नसेल तर नील. आणि हॅवलॉकला गेलातच, तर एलिफंट बीचला चालत जाताना "अर्ध्या तासाची पायवाट, चपलेवर होते" हे ऐकून निघू नका.

आम्हाला नेमकं हेच सांगितलं होतं. जंगलातला पहिला टप्पा खरंच सोपा आहे. शेवटी मात्र गर्द झाडी संपते आणि खारफुटीचा सखल पट्टा लागतो. ओहोटीला तिथे चिखल, भरतीला पाणी. आम्ही नेमके भरतीला पोचलो. आधी पोटऱ्या, मग गुडघे, मग कंबर. पिशव्या डोक्यावर, पायाखाली टोकदार मुळं, आणि एकाची चप्पल चिखलात कायमची गेली. त्यात मगरींचा विचार डोक्यातून जात नाही. 2010 मध्ये याच बेटावर मगरीने एका परदेशी पर्यटक बाईचा जीव घेतला होता.

एवढं करून किनाऱ्यावर गढूळ पाणी. "पॅकेजमधलं" स्नॉर्केलिंग म्हणजे काठालगत जेमतेम डुबकी. जरा आत न्यायचे वेगळे पैसे, फोटोंचे वेगळे. परतीच्या बोटीला एका फेरीचे दोन फेऱ्यांइतके मागितले. दिले मुकाट्याने, कारण त्या पाण्यात पुन्हा उतरायला कोणीच तयार नव्हतं. त्यापेक्षा जेट्टीवरून सकाळीच जाऊन-येऊन बोट ठरवा, आणि कशाकशाचे पैसे धरलेत ते बसण्याआधी वदवून घ्या.

कोकणातल्या मंडळींसाठी खास: तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा हिशेब आपल्या किनाऱ्याचा आहे, तो इथे चालवू नका. पोर्ट ब्लेअरचं भरतीचं कोष्टक बघा आणि बेटावर पोचल्यावर जेट्टीवर खात्री करा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा तर नक्कीच.

नीलला सगळंच भरती-ओहोटीच्या वेळेवर चालतं. लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल नीट बघायचा तर ओहोटीच हवी. तेव्हा खडकातल्या डबक्यांत समुद्रकाकड्या (काकडीसारखे दिसणारे समुद्रजीव), खेकडे, रंगीत मासे पायाशी दिसतात. आम्ही उजाडल्या उजाडल्या गेलो, माणूस नव्हता. मी तर म्हणेन, तेवढ्यासाठीच अंदमानला जा! बूट जुने घाला, प्रवाळावर पाय देऊ नका, शिंपला-प्रवाळ काही उचलू नका. नीलच्याच भरतपूर किनाऱ्यावर पोहायचं तर उलट, पाणी चढलेलं असताना जा. बेट लहान आहे, सायकलवर होतं.

हॅवलॉकचा राधानगर किनारा सुंदर आहे, वाद नाही. स्कूबा करायचा असेल तर हॅवलॉकच घ्या.

अंदमानऐवजी लक्षद्वीप मनात असेल, तर तिथे प्रवेश परवाना लागतो, त्यामुळे ऐनवेळी ठरवणाऱ्यांनी तो विषय सोडा.

बुकिंग करताना नवी नावं दिसतील: हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, पोर्ट ब्लेअर म्हणजे श्री विजयपुरम. बोटीआधी पोटभर खाऊ नका. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच राहा, हवा बिघडली की बोटी रद्द होतात. आणि हिवाळ्यात तिथे संध्याकाळी पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो, म्हणून दुपारी जेवून लोळायचा बेत नको.