सोरायसिसचा रक्ताचा रिपोर्ट: आकडा त्वचेचा की चरबीचा?

सोरायसिसचं निदान आजही डोळ्यांनीच होतं. कोपर, गुडघे, टाळू, कमरेचा खालचा भाग, जाड लालसर चट्टा आणि त्यावर चंदेरी खपल्या. शंका असेल तर बायोप्सी. रक्तातलं एखादं प्रथिन मोजून सोरायसिस आहे की नाही हे ठरवणारी चाचणी नेहमीच्या वापरात नाही. कुठल्या 'पॅकेज'मध्ये तसं आश्वासन असेल तर पैसे खिशातच ठेवा.

मग ही प्रथिनं मोजायची कशाला? आजाराचा जोर किती आहे, औषध लागू पडतंय का आणि त्वचेआड साखर, यकृत, रक्तवाहिन्या यांचं काय चाललंय, याचा अंदाज घ्यायला. पण आकडा वाचण्याआधी ते प्रथिन शरीरात कुठून आलं, हे विचारायला हवं.

बीटा-डिफेन्सिन-२ घ्या. आयएल-१७ए या संदेशवाहक प्रथिनाने डिवचलं की त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी ते भरपूर बनवतात, आणि त्यातलं काही रक्तात उतरतं. चट्टे जितके जास्त तितकं ते वर. आयएल-१७ए रोखणारं सेक्युकिनुमॅब हे औषध सुरू केलं की ते झपाट्याने खाली येतं. म्हणजे हा आकडा बऱ्यापैकी त्वचेचा. अडचण एवढीच की तो अजून संशोधनातच मोजला जातो, कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये नाही.

सीआरपी या दाहासोबत वाढणाऱ्या प्रथिनाचं उलट. तो कुठेही मिळतो, पण तो बनवतं यकृत, तेही मुख्यतः आयएल-६ या दुसऱ्या संदेशवाहक प्रथिनाच्या सांगण्यावरून. आणि आयएल-६ जसं दाहातून येतं तसं पोटाच्या चरबीतूनही येतं. कमरेचा घेर १०२ सेंमी आणि एचएस-सीआरपी (सीआरपीचीच जास्त बारकाईने केलेली मोजणी) ४ मिग्रॅ/लिटर असलेल्या माणसात हा ४ कुणाचा, चट्ट्यांचा, चरबीचा की सुजलेल्या सांध्यांचा, हे रिपोर्ट सांगत नाही. १०च्या वर गेला तर आधी सर्दी-ताप, दाढेचा पू, लघवीचा संसर्ग बघा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. लेप्टिन तर चरबीचंच प्रथिन, त्यात सारख्या वजनाच्या पुरुषापेक्षा बाईत जास्त. सोरायसिसमध्ये लेप्टिन वाढलेलं दिसलं असा शोधनिबंध हातात आला की पहिला प्रश्न विचारायचा: तुलनेतल्या लोकांचा बीएमआय आणि स्त्री-पुरुष प्रमाण जुळवलं होतं का?

आता एका थेंबात हजारो प्रथिनं मोजता येतात. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-संशोधन प्रकल्पातल्या सुमारे ५४ हजार लोकांच्या प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवात) २,९२३ प्रथिनं मोजल्याचं २०२३मध्ये प्रसिद्ध झालं. त्या तंत्रात प्रत्येक प्रथिनासाठी दोन प्रतिपिंडं असतात, दोघांना डीएनएची शेपटी. दोन्ही एकाच प्रथिनावर बसली तरच शेपट्या जुळतात आणि त्यांच्या प्रती काढून मोजल्या जातात. निकाल सापेक्ष एककात येतो: १ने वाढ म्हणजे दुप्पट. त्यामुळे एका प्रथिनाचा ६ आणि दुसऱ्याचा ४ शेजारी ठेवून पहिलं जास्त आहे म्हणणं चूक.

सगळ्यात जास्त घोळ मात्र नळीत होतो. कॅल्प्रोटेक्टिन हे दाहाशी निगडित प्रथिन पांढऱ्या पेशींत ठासून भरलेलं असतं. लाल झाकणाच्या नळीत रक्त गोठत पडलं की त्या पेशी ते बाहेर सोडतात आणि आकडा फुगतो. म्हणून न गोठवता घेतलेलं रक्त लगेच यंत्रात गरगर फिरवून प्लाझ्मा वेगळा करावा, छोटे भाग करून उणे ८० अंशाला ठेवावा. एकच कुपी पुन्हा पुन्हा वितळवू नये. साध्या साखरेचाही आकडा नळीत बदलतो, कारण पेशी ती खात राहतात. फ्लोराइड नसलेल्या नळीत, पेशी वेगळ्या न करता ठेवली तर ती तासाला ५ ते ७ टक्के घटते. कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेली नळी दुपारी मुख्य लॅबला पोचली तर मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा माणूस कागदावर ठणठणीत दिसतो.

म्हणून सोरायसिसच्या रुग्णाने महागड्या पॅनेलआधी स्वस्त गोष्टी कराव्यात. पुढच्या पाचांपैकी तीन जमल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराची जोखीम वाढवणारा लक्षणांचा गट: कमर पुरुषात ९० सेंमी वा जास्त, बाईत ८० वा जास्त (आपल्याकडच्या बांध्यासाठीची मर्यादा), ट्रायग्लिसराइड १५० वा वर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषात ४०च्या, बाईत ५०च्या खाली, बीपी १३०/८५ वा वर, उपाशीपोटी साखर १०० वा वर. कमर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर मोजायची, पँटच्या पट्ट्यावर नाही. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी) करताना हिमोग्लोबिनही बघा, कारण लोहाच्या कमतरतेने तो खोटा वाढतो. आणि चट्टे अंगाच्या १० टक्क्यांहून जास्त असतील (बोटांसकट आपला एक तळवा म्हणजे साधारण १ टक्का), तर हृदयविकाराच्या गणकातून आलेली जोखीम दीडपट धरावी, असं अमेरिकेतली २०१९ची मार्गदर्शिका सांगते.

आकडा उतरला म्हणजे धमनी सुधारली, असंही नाही. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अ‍ॅडालिमुमॅब या सोरायसिसवरच्या इंजेक्शनने आयएल-६सारखे आकडे खाली आले, पण १२ आठवड्यांनी पीईटी स्कॅनवर महाधमनीतला दाह प्लासिबोच्या (औषध नसलेल्या नकली डोसाच्या) तुलनेत कमी दिसला नाही.

औषधंही आकडे हलवतात. अ‍ॅसिट्रेटिन ट्रायग्लिसराइड चढवतं, सायक्लोस्पोरिन बीपी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. ते सुरू करण्याआधी फिब-४, म्हणजे यकृतात व्रण किती असतील याचा अंदाज देणारा आकडा, काढून ठेवावा: वय गुणिले एएसटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ). एएसटी आणि एएलटी ही यकृताच्या तपासणीतली एन्झाइम्स. वय ४८, एएसटी ४४, एएलटी ६४, प्लेटलेट २.२ लाख असतील तर २११२ भागिले १७६०, म्हणजे १.२. आपल्या रिपोर्टवर प्लेटलेट लाखात असतात, सूत्रात हजारात लागतात: २.२ नाही, २२०. १.३च्या खाली यकृतात जाड व्रण असण्याची शक्यता कमी, २.६७च्या वर असेल तर यकृततज्ज्ञाकडे जावं, मधल्यांनी फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करावा. पस्तिशीच्या आत हे गणित भरवशाचं नाही, आणि पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात.