रानवांग्यांची वही: झुडूप क्रमांक 3 ची फजिती

मागच्या नोंदीत मी रानवांग्याच्या माझ्या नमुन्यांपैकी क्रमांक 3 ला ठोकून ‘सोलॅनम इन्कानम’ म्हटलं होतं (सोलॅनम म्हणजे वांग्याची वनस्पती-प्रजाती, पुढचा शब्द तिच्यातल्या जातीचं नाव). ते मागे घेतो. ते सोलॅनम इन्सानम आहे. नावात एका अक्षराचा फरक, आणि माझे दोन महिने त्यात गेले.

चूक माझी एकट्याची नाही. जुन्या लेखनात वांग्याच्या जवळच्या अनेक रानटी झाडांवर ‘इन्कानम’ हेच लेबल सापडतं. लेस्टर आणि हसन या वनस्पती-अभ्यासकांनी या गोंधळाचे ए ते एच असे गट पाडले होते. 2013 मध्ये नॅप, वोरोन्त्सोवा आणि प्रोहेन्स यांनी त्या गटांना जातींची रीतसर नावं जुळवली. त्यात इ आणि एफ गट, म्हणजे दक्षिण आणि आग्नेय आशियातलं काटेरी रानवांगं, इन्सानमकडे गेले. आपल्या वांग्याचा रानटी पूर्वज हाच मानतात. इन्कानम आफ्रिका आणि मध्यपूर्वेकडचं. (इन्सानम म्हणजे लॅटिनमध्ये वेडं, माणसाशी संबंध नाही.)

मी फसलो लवेमुळे. इन्कानमचा अर्थच पांढुरकं, करडं. माझ्या नमुन्याचं कोवळं पान मागून करडं दिसलं आणि मी तिथेच थांबलो. 10 पटीच्या भिंगाखाली तारकाकार लव दिसली खरी, पण ती या काटेरी गटात जवळजवळ सगळ्यांनाच असते. सोलॅनममधल्याच बिनकाट्याच्या कामोणीला नसते, एवढंच त्यातून कळतं. शिवाय नमुना शेंड्याचा घेतला होता. काटे खालच्या, कोवळ्या वयात फुटलेल्या पानांवर जास्त असतात. आता एकाच झाडाचे दोन तुकडे कागदात दाबून वाळवतो, एक बुंध्याजवळचा, एक शेंड्याचा.

फुलं उघडून पाहिली तेव्हा मजा आली. घोसाच्या तळाशी एकच लांब कुक्षीवृंताचं (स्त्रीकेसराच्या दांड्याचं) फूल, पुढची सगळी आखूड कुक्षीवृंताची, म्हणजे कामापुरती नर. म्हणून एका घोसाला बहुधा एकच फळ लागतं. फळ पिवळं, देठाजवळच्या हिरव्या टोपीवर काटे.

बाकीचे दोन नमुने सोपे निघाले. क्रमांक 1 भुईरिंगणी: जमिनीसरपट, पिवळे सरळ सुईसारखे काटे, खोल कापलेली पानं. क्रमांक 5 सोलॅनम टॉर्वम: पांढऱ्या फुलांचे मोठे घोस, वाटाण्याहून थोडी मोठी फळं. मूळचं अमेरिकेतलं, वांग्याच्या कलमासाठी खुंट म्हणून वापरतात.

क्रमांक 7 मात्र अडलंय. काटे तुरळक, फळ रानवांग्याहून बरंच मोठं. इन्सानम लागवडीच्या वांग्याशी सहज संकरित होतं आणि पिढी प्रजननक्षम राहते, त्यामुळे हे संकरित असण्याची शंका आहे. पिकलेल्या फळातलं बी धुऊन वाळत घातलंय. रोपं वर आली की काटे मोजतो.