कळमन्याचा संत्रा, लोहा ओळीचा गंज

डिसेंबरात नागपुरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. त्याआधीच मी कळमना बाजार गाठतो. आंबिया बहाराचा (जानेवारी-फेब्रुवारीत आलेल्या फुलांचा) संत्रा या दिवसांत आलेला असतो आणि शेडमध्ये ढीगच्या ढीग लागलेले असतात. ढिगाचा फोटो सगळेच काढतात आणि सगळ्यांचा सारखाच येतो. मी मात्र शेडच्या कडेला जातो. तिथे उजेड आडवा येतो आणि एकच फळ डोळ्यांत भरतं. देठाशी किंचित उचललेली मान, सैल साल, तिच्यावर तेलाच्या ग्रंथींचे बारीक खळगे. प्रत्येक खळग्याला एका बाजूने उजेड, दुसरीकडून सावली. समोरून फ्लॅश मारला की हे सगळं सपाट होतं.

माझ्याकडे फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 50 एमएमची लेन्स असते. ती साधारण 45 सेंटिमीटरपेक्षा जवळचं टिपत नाही. त्या अंतरावर लेन्सचं छिद्र एफ 1.8 इतकं मोठं उघडलं तर जेमतेम 9 मिलिमीटर स्पष्ट येतं: देठ धारदार, बाकी फळ धूसर. एफ 8 वर, म्हणजे छिद्र लहान केलं की, हेच 4 सेंटिमीटरच्या आसपास जातं. मग उजेड कमी पडतो, म्हणून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 1600 पर्यंत चढवावा, पण शटर 1/125 सेकंदापेक्षा हळू होऊ देऊ नये.

खरी फसगत रंगात होते. फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनेलचा बनतो. नारिंगी रंगात लाल चॅनेल सगळ्यात आधी फुटतो, म्हणजे इतका भरतो की त्यातले बारकावे जातात. एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो आणि घरी येऊन बघावं तर साल प्लास्टिकसारखी! म्हणून तिन्ही चॅनेल वेगवेगळे पाहून एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली घ्यावं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये, काढावं आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचा मेळ) 5200 केल्व्हिनवर बांधून टाकावा. ऑटो ठेवलं तर कॅमेरा तो रंग ‘सुधारायला’ जातो. निळ्या ताडपत्रीखाली तर काढूच नये. तिच्यातून लाल उजेड फारसा येत नाही, त्यामुळे संत्रा मातकट होतो आणि तो नंतर धड सुधारतही नाही. फळ दोन पावलं बाहेर आणलं की काम झालं.

तिथून इतवारी. तिथल्या लोहा ओळीत, म्हणजे लोखंडाच्या बाजारात, दुकानं उघडली की सळ्यांचे गठ्ठे, साखळ्या, बिजागऱ्या रस्त्याकडेला दिसतात. सळ्यांची कापलेली टोकं मला फार सुंदर वाटतात: बाहेर गंजाचा तपकिरी काठ, आत ताजं करडं लोखंड. कॅमेरा टोकांना अगदी समांतर धरावा, नाहीतर एक कडा हमखास धूसर येते. गंज काळपट असल्याने कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फोटो उगाच उजळवतो. तिथे एक स्टॉप कमी. आधी ‘भाऊ, एक फोटो काढू का?’ विचारावं आणि हातगाडीची वाट अडवू नये. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य 45 अंशांवरच असतो, त्यामुळे खरखरीतपणा दिसत राहतो. मे अखेरीस तो थेट डोक्यावर येतो. तेव्हा इथे काही हाती लागत नाही.

शेवटी तर्री-पोहे, म्हणजे लाल तेलाचा तिखट रस्सा घातलेले पोहे. प्लेट उजेडाच्या आणि स्वतःच्या मध्ये ठेवावी, मागे गडद भिंत घ्यावी, म्हणजे वाफ उठून दिसते. लेन्स वाफेच्या वर नेली की काच धुकटते, बाजूनेच काढावं. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) असेल तर काढून ठेवावा, कारण लाल तेलावर उमटलेलं आकाशच तर हवं असतं. वाफ मिनिटभरही धड टिकत नाही. म्हणून फोकस आधी पोह्यांवर बांधून घ्यावा आणि मगच म्हणावं, ‘भाऊ, घाला तर्री.’